फुकटातले आजोबा

आमच्या टीव्हीवर चारशे बारा वाहिन्या दिसत होत्या आणि त्यातली एक बघितली जात होती. ही गोष्ट लक्षात यायला मला निवृत्त व्हावं लागलं. नोकरीत होतो तोवर माझं सगळं लक्ष दुसऱ्यांच्या तराजूंवर होतं. वजनमापे खात्यात चौतीस वर्षं काढलेला माणूस मी. दुकानदार पारड्याखाली वाटाण्याएवढं शिसं चिकटवायचा आणि मी ते नखाने काढून त्याच्या नाकासमोर धरायचो. त्या क्षणी त्याचा चेहरा जसा व्हायचा, त्यावर मी चौतीस वर्षं जगलो. पगार मिळायचा तो वेगळा.

अशा माणसाच्या घरात दर महिन्याला चारशे अकरा वाहिन्या न बघताच मोजून घेतल्या जात होत्या. त्यात लहान मुलांच्या बावीस होत्या, आणि आमच्या घरातलं सगळ्यात लहान माणूस म्हणजे माझी बायको, वय सत्तावन्न. मी हे तिला तोंडी दाखवून दिलं. ती म्हणाली, निवृत्तीनंतर माणसं बागकाम करतात. मी म्हटलं, आपल्याला बाग नाही. ती म्हणाली, म्हणूनच मला काळजी वाटते.

जी एक वाहिनी बघितली जात होती ती माझ्या सासूबाईंसाठी. वय चौऱ्याऐंशी. सासूबाई आमच्याकडे राहतात. खरं म्हणजे आम्ही त्यांच्याकडे राहतो, पण हा मुद्दा घरात कोणी काढत नाही. संध्याकाळी साडेसातला त्यांची मालिका असते. नऊ वर्षं चालू आहे. एक मोठं घर, तीन सुना, एक घरजावई, एक जिना आणि एक मृत्युपत्र, एवढ्या भांडवलावर ते लोक नऊ वर्षं रडताहेत. आठ वाजता मालिका संपली की सासूबाईंच्या धाकट्या बहिणीचा, म्हणजे मावशींचा, दुसऱ्या गावाहून फोन येतो. दोघी अर्धा तास त्या घरातल्या माणसांची झाडाझडती घेतात. दोघींनाही ऐकायला कमी येतं, त्यामुळे दोघीही बोलतात आणि दोघींचंही समाधान होतं.

मी माझा बेत सासूबाईंसमोर मांडला. पैसे भरून बघायचा टीव्ही बंद, फुकट दिसणारा चालू. मालिका तीच, वाहिनी तीच, मोल शून्य. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "साडेसातला माझी मालिका आणि आठला धाकटीचा फोन. एवढं सांभाळा, जावईबापू. बाकी तुम्हाला काय उद्योग करायचे ते करा."

मी शब्द दिला. वजनमापे खात्यातला शब्द. एक गुंजही इकडे तिकडे होणार नाही, म्हटलं.

आता बंद करायचं तर आधी कंपनीला फोन. नऊ आकडे दाबल्यावर एक बाई आल्या. आवाज इतका गोड की बंद करायला फोन केला याचीच मला लाज वाटायला लागली. त्या म्हणाल्या, कनेक्शन ज्यांच्या नावावर आहे त्यांनाच बोलावं लागेल. कनेक्शन माझ्या सासऱ्यांच्या नावावर. ते तीन वर्षांपूर्वी वारले, असं मी स्वच्छ शब्दांत सांगितलं. बाईंनी आवाज आणखी गोड केला.

"ऐकून खूप वाईट वाटलं, सर. खात्री करण्यासाठी फोन जरा त्यांच्याकडे देता का?"

मी म्हटलं, तीन वर्षांत त्यांनी कोणाचाच फोन घेतलेला नाही. बाईंनी तेही टिपून घेतलं असावं. मग मृत्यूचा दाखला पाठवायला सांगितलं. मी पाठवला. तो आकाराने मोठा आहे असं उत्तर आलं. लहान करून पाठवला, तर वाचता येत नाही असं आलं. मधल्या आकाराचा पाठवला, तेव्हा तो तीन वर्षं जुना असल्याचं कोणाच्या तरी लक्षात आलं. सहा महिन्यांच्या आतला दाखला हवा. माणूस एकदा गेल्यावर दर सहा महिन्यांनी पुन्हा पुन्हा जात नाही, हे मी तीन वेगवेगळ्या बायांना समजावलं. तिघींनाही खूप वाईट वाटलं. शेवटी मी कचेरीत जाऊन, रांगेत उभं राहून, ताज्या तारखेची नक्कल आणली. खिडकीतल्या कारकुनाने नक्कल देताना सहानुभूतीने विचारलं, "अचानक झालं का?" मी नुसती मान हलवली. रांगेत मागे सतरा माणसं होती.

चार दिवसांनी सासऱ्यांच्या जुन्या नंबरवर कंपनीचा निरोप आला. तो मोबाईल आता सासूबाई वापरतात. निरोपात लिहिलं होतं, प्रिय ग्राहक, आपण आम्हाला सोडून गेलात याचं आम्हाला दुःख आहे. तीस दिवसांत परत आलात तर पहिला महिना मोफत. सासूबाईंनी तो बायकोकडून दोनदा वाचून घेतला. मग मोबाईल पदराला पुसून बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "यांनी अशी सवलत कधी सोडली नसती."

इथे सासऱ्यांबद्दल दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण पुढे ते लागणार आहेत. अत्यंत मोजकं बोलणारे गृहस्थ. जे बोलत ते बहुधा माझ्याबद्दल असे, आणि माझ्यासमोर नसे. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. शेवटच्या वर्षी त्यांना जिना जमेना, तेव्हा मी आणि शेजारचे मोजणीदार त्यांना वेताच्या खुर्चीसकट उचलून खाली डॉक्टरकडे नेत असू आणि परत वर आणत असू. खुर्चीत बसून ते आम्हाला सूचना देत. "डावीकडून. पुढे भिंत आहे. भिंत आपलीच आहे, तरी जपून." ती खुर्ची अजून टीव्हीसमोर, सासूबाईंच्या शेजारी आहे. तिच्यावर हल्ली रद्दीचा गठ्ठा बसतो.

तर कनेक्शन बंद झालं. पडदा निळा झाला आणि शेजाऱ्यांना सल्ला देण्याची संधी मिळाली.

पहिला मान सोसायटीच्या सेक्रेटरींचा. त्यांचं म्हणणं, आता छतावर चढायचे दिवस गेले. मोबाईलवर सगळं फुकट दिसतं. हे मत तंत्रज्ञानाच्या अभ्यासातून आलेलं नव्हतं. छताची किल्ली त्यांच्याकडे असते आणि ती दुसऱ्याच्या हातात गेलेली त्यांना सोसत नाही. पण पहिला प्रयोग म्हणून सासूबाईंचा मोबाईल साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला आणि मालिका लावली.

सासूबाई पडद्याकडे बघून म्हणाल्या, "ही सगळी एवढीशी का झाली?" मग मधली सून सासूला उलट उत्तर द्यायला तोंड उघडते तोच ती तशीच थिजली. तिच्या कपाळावर एक चक्र फिरायला लागलं. दीड मिनिट फिरलं. उत्तर काय द्यावं याचा ती विचार करते आहे, असं सासूबाईंना वाटलं आणि त्यांनी तिची बाजू घेतली. असं अडखळत आठ वाजले तेव्हा मालिका जेमतेम पाऊण झाली होती. आणि आठला, ठरल्याप्रमाणे, मावशींचा फोन आला. त्याच मोबाईलवर. सून गेली, मावशी आल्या आणि त्यांनी शेवट सांगून टाकला. हे ओळीने तीन दिवस झालं. चौथ्या दिवशी सासूबाईंनी मोबाईल पालथा घातला आणि निकाल दिला, की मोबाईल बोलायला असतो.

आता छताशिवाय मार्ग नव्हता. छतावर आमची जुनी थाळी, म्हणजे टीव्हीची डिश, होती. ती फुकटच्या उपग्रहाकडे वळवायची, खाली फुकटच्या वाहिन्यांचा डबा जोडायचा, संपलं. हे मोजणीदारांचं मत. मोजणीदार म्हणजे निवृत्त भूमापक. चाळीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजल्या, त्यामुळे कोणावरही विश्वास नाही. त्यांच्याकडे चामड्याच्या पेटीत एक होकायंत्र आहे. ते म्हणाले, आकाश मोजणं सोपं. तिथे बांध कोरणारे नसतात.

किल्लीसाठी अर्ज करावा लागला. अर्जात छतावर जाण्याचं प्रयोजन असा रकाना आहे. मी लिहिलं, थाळी फिरवणे. सेक्रेटरी म्हणाले, हा बांधकामातला बदल झाला, याला सभेची मंजुरी लागेल. मी खोडून लिहिलं, हवा खाणे. ते म्हणाले, मग सगळेच मागतील. शेवटी पाण्याची टाकी पाहणे असं लिहिलं, तेव्हा त्यांनी समाधानाने सही केली. म्हणून पुढच्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता, कागदोपत्री मी टाकी बघत होतो.

प्रत्यक्षात मी थाळीला मिठी मारून उभा होतो. बोल्ट गंजले होते. मोजणीदारांनी पान्याऐवजी होकायंत्र आणलं होतं. ते दोन पावलांवर उभे राहून अर्धा अंश पूर्वेला, पाव अंश वर, असं सांगत होते, आणि पाव अंश म्हणजे नक्की किती हे माझ्या कमरेला कळत होतं. खाली गॅलरीत बायको. आत टीव्हीसमोर सासूबाई. पडद्यावरची सिग्नलची पट्टी भरली की सासूबाईंनी बायकोला सांगायचं, बायकोने मला. यात चूक व्हायला जागा नव्हती. पट्टी कशी दिसते हे मी त्यांना कागदावर रंगवून दाखवलं होतं.

मी थाळी तसूतसूने फिरवली आणि ओरडून विचारलं. खालून काही नाही. आणखी फिरवली, विचारलं, काही नाही. मग परत मागे. मोजणीदार म्हणाले, उपग्रह सरकला असेल. दहा मिनिटं गेली. वीस गेली. माझे हात लाकडाचे झाले. पंचविसाव्या मिनिटाला बायको आत बघायला गेली आणि तीही बाहेर येईना. मोजणीदारांनी घड्याळ बघितलं आणि सूर्य कलल्यामुळे होकायंत्राचा आता भरवसा धरता येणार नाही असं सांगितलं. होकायंत्राचा सूर्याशी काय संबंध, हे विचारायचं माझ्यात त्राण नव्हतं.

शेवटी बायको गॅलरीत आली आणि तिने मान वर केली.

"अहो, आई म्हणतेय, हलू नका."

"म्हणजे दिसतंय?"

"मघापासून दिसतंय. तिची मालिका लागलीय, रविवारची. जाहिराती येईपर्यंत तसेच उभे राहा."

मी तसाच उभा राहिलो. जाहिराती यायला नऊ मिनिटं लागली. तेवढ्यात मोजणीदारांनी थाळी बांधायला शेजारची कपडे वाळत घालायची दोरी सोडली, आणि तिच्यावरची चादर उडून खाली एका स्कूटरवर जाऊन अगदी मापात बसली. चादरही सेक्रेटरींची, स्कूटरही सेक्रेटरींची, त्यामुळे बाहेरच्या कोणाचं नुकसान झालं नाही. ते वर आले तेव्हा थाळी दोरीने जखडलेली होती आणि तिच्या पायाशी एक वीट होती. त्यांनी माझ्याकडे बघितलं, थाळीकडे बघितलं आणि विचारलं, "बघून झाली टाकी?" मी म्हटलं, भरलेली आहे.

पुढचे आठ दिवस माझ्या आयुष्यातले फार चांगले दिवस होते. चित्र स्वच्छ. मालिका साडेसातला, फोन आठला. मी जिन्यात भेटेल त्याला थांबवून सांगत होतो. तळमजल्यावरच्या शिंप्याने कनेक्शन बंद केलं. मोजणीदारांनीही केलं. ज्यांनी चादरीवरून आठवडाभर माझ्याशी अबोला धरला होता त्या सेक्रेटरींनी निरोप पाठवला, की वार्षिक सभेत काटकसर या विषयावर मी दहा मिनिटं बोलावं. मी भाषणाचे मुद्दे काढले. पहिला मुद्दा होता, वस्तू तीच, माप तेच.

नवव्या दिवशी साडेसातला मी सासूबाईंच्या खोलीत चष्मा शोधायला गेलो. टीव्हीवर मालिकेतले आजोबा सोफ्यावर बसून औषध घ्यायला नकार देत होते. मी चष्मा उचलला, दारापर्यंत आलो आणि थांबलो.

मालिकेतले आजोबा दोन वर्षांपूर्वी वारले होते. मला पक्कं आठवत होतं, कारण त्या दिवशी आमच्याकडे स्वयंपाक झाला नव्हता.

मी परत आत जाऊन बघितलं. आजोबा चांगले टुणटुणीत होते. धाकटी सून, जिचा चेहरा गेल्या वर्षी अपघातानंतर बदलून ती दुसरीच नटी झाली होती, तिचा जुना चेहरा परत आला होता. मोजणीदारांना गाठलं. ते म्हणाले, म्हणजे काय, फुकटच्या वाहिनीवर जुनेच भाग लावतात, चारेक वर्षांपूर्वीचे. मला वाटलं तुम्हाला माहीत आहे. मी विचारलं, तुम्हाला माहीत होतं तर बोलला का नाहीत. ते म्हणाले, तुम्ही मला दिशा विचारली होती, साल नाही.

त्या रात्री मला माझ्या जुन्या गिऱ्हाइकांची, म्हणजे त्या दुकानदारांची, आठवण आली. पारड्याखालचं शिसं नखाने काढल्यावर त्यांचा चेहरा का तसा होतो हे मला आतून कळलं. चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईला मी चार वर्षांचा शिळा माल ताजा म्हणून घातला होता. आणि तो विकण्याबद्दल सभेत भाषण करणार होतो.

तरी मी गप्प राहिलो. सभा होईपर्यंत काढू, असं म्हटलं. सासूबाईंचं काही अडत नव्हतं, त्या रोज मन लावून बघत होत्या. मी गप्पच राहिलो असतो, पण मावशींनी बायकोला दुपारी, म्हणजे नेहमीची वेळ सोडून, फोन केला. बायकोने फोन ठेवला तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"मावशी म्हणते, ताईला आजोबा दिसतात."

मी म्हटलं, कुठले आजोबा. मला सगळं माहीत असताना म्हटलं, याची नोंद असावी.

"मालिकेतले. मावशी म्हणते, मी सांगितलं की धाकट्या सुनेने घर सोडलं, तर ताई म्हणाली, आजोबांनी आज औषध घेतलं नाही. मावशीला वाटलं थट्टा करतेय. पण रोजच. काल म्हणे आजोबा जिन्यावर चक्कर येऊन बसले. मावशी रडत होती हो." बायकोने पदराने नाक पुसलं. "मी डॉक्टरांची वेळ घेतलीय. उद्या, गुरुवारी, साडेसहाची. विस्मरणाचे डॉक्टर आहेत. आईला सांगायचं नाही, रक्तदाब तपासायचाय म्हणू."

आता मी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही. मालिकेतल्या मधल्या सुनेसारखं ते तसंच राहिलं. कपाळावर चक्र फिरत असावं. बायको म्हणाली, "तुम्ही कशाला एवढं मनाला लावून घेता," आणि माझ्यासाठी पाणी आणायला गेली. हे तर फारच झालं.

मी ठरवलं, कोणाला न सांगता जुनं कनेक्शन परत चालू करायचं. उद्या साडेसहाच्या आत मालिका आजच्या तारखेला आणली की आजोबा आपोआप जातील आणि सासूबाई बऱ्या होतील. कंपनीला फोन लावला. गोड बाई आल्या. मी त्या तीस दिवसांच्या सवलतीची आठवण करून दिली. त्या आनंदल्या. नंबर तपासला. मग म्हणाल्या, सवलत चालू आहे, सर, फक्त परत यायचं तर ज्यांच्या नावावर कनेक्शन होतं त्यांनी स्वतः फोन करायला हवा.

मी म्हटलं, त्यांच्या मृत्यूचा दाखला तुमच्याकडेच आहे. ताजा आहे.

"हो सर, दिसतोय," बाई म्हणाल्या. "ऐकून खूप वाईट वाटलं. मग ते येऊ शकणार नाहीत का?"

नव्या नावाने नवं कनेक्शन मिळालं असतं. त्याला आठ दिवस लागणार होते.

बुधवारची संध्याकाळ. सव्वासात. मी सासूबाईंच्या खोलीत गेलो. त्या टीव्हीसमोर तयार होऊन बसल्या होत्या. मी उभं राहूनच सुरुवात केली, की आई, मला तुम्हाला एक सांगायचंय. त्या म्हणाल्या, मालिका लागेल आता, जाहिरातीत सांगा. मी वेताच्या खुर्चीवरचा रद्दीचा गठ्ठा उचलून जमिनीवर ठेवला आणि त्या खुर्चीत बसलो. चौतीस वर्षांच्या नोकरीत मी एवढा अवघडून कधी बसलो नव्हतो. जाहिराती लागल्या, आणि मी सगळं सांगितलं. जुने भाग. चार वर्षांपूर्वीचे. मला आठ-दहा दिवसांपासून माहीत आहे. मावशींना वाटतंय की तुमच्या डोक्यावर परिणाम झालाय. उद्याचे डॉक्टर रक्तदाबाचे नाहीत. एका दमात. दुकानदार आधी नाकारतात, मग चुकून राहिलं म्हणतात, मग माफी मागतात. मी थेट तिसऱ्या पायरीवर गेलो.

सासूबाईंनी टीव्हीचा आवाज कमी केला.

"मला पहिल्याच दिवशी कळलं," त्या म्हणाल्या. "तुम्ही छतावर होतात तेव्हाच. चित्र आलं ते मालिकेतल्या धाकट्या सुनेच्या डोहाळजेवणाचं. ते मी बघितलेलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर तुम्ही लगेच दुरुस्त करायला धावला असतात."

मी मावशींचं काय, असं विचारलं. त्या म्हणाल्या, "धाकटीला सांगितलं असतं तर ती यांची आठवण काढून रडत बसली असती. आणि मला मालिका बघायची होती." मग पडद्यावरच्या साबणाच्या जाहिरातीकडे बघत म्हणाल्या, "हे भाग आम्ही दोघांनी बघितलेत, जावईबापू. हे त्याच खुर्चीत बसायचे. एका भागात एकदा बोलायचे, फार नाही. कुठे काय म्हणाले ते मला पाठ आहे. ती जागा आली की मला ऐकू येतं. एरवी मला काय ऐकू येतं तुम्हाला माहीतच आहे."

मी खुर्चीच्या हातांवरचे हात उचलून मांडीवर घेतले. मग पुन्हा जागेवर ठेवले.

मालिका परत सुरू झाली. घरजावई दिवाणखान्यातलं झुंबर दुरुस्त करायला टेबलावर चढला होता. टेबलावर स्टूल, स्टुलावर घरजावई. बटण बंद करायला तो विसरला होता. सासूबाई त्याआधीच गालातल्या गालात हसायला लागल्या. ठिणगी उडाली, दिवे गेले, तिन्ही सुना किंचाळल्या, आणि सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसू पोचलं.

"इथे काय म्हणायचे ते?" मी विचारलं.

"जाऊ द्या."

"सांगा की."

"म्हणाले, हा बघ, आपला."

"आपला म्हणजे?"

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. छतावरच्या त्या पस्तीस मिनिटांत थाळीने माझ्याकडे जसं बघितलं असेल, तसं. मी पुढे विचारलं नाही. मी मनात सासऱ्यांना एवढंच सांगितलं, की मी घरातला पंखा दुरुस्त करायला चढलो होतो तेव्हा निदान मेन स्विच बंद होता. ते खरं नव्हतं.

आठ वाजले, मोबाईल वाजला. सासूबाईंनी तो उचलला, कानाशी नेला आणि एकदम तोंडापासून बाजूला धरला.

"उद्याच्या भागात वीज गेलेलीच असते तेव्हा आजोबांना चक्कर येते," त्या मला म्हणाल्या. "सगळे नुसते आरडाओरडा करतात. आणि तो घरजावई एकटा त्यांना पाठुंगळी घेऊन तीन जिने चढून वर नेतो. तेव्हाही हे हेच म्हणाले होते. हा बघ, आपला." मग मोबाईल कानाला लावला. "हं, बोल गं धाकटे. तुझ्याकडचे आजोबा गेले असतील, माझ्याकडचे आहेत अजून. ऐक, सगळं सांगते, मध्ये बोलू नकोस."

सगळं सांगून झालं. मग मावशींचा आवाज आला, खोलीभर ऐकू येईल इतका. त्या विचारत होत्या, औषध घेतलं का त्यांनी.

गुरुवारी, माझ्याकडून सगळं ऐकल्यावर, डॉक्टरांची वेळ बायकोने फोन करून रद्द केली. कारण विचारल्यावर तिने माझ्याकडे बघत सांगितलं, की रुग्ण बदललाय, पण त्याला औषध नाही. सभेतलं भाषणही मी रद्द केलं. पहिल्या मुद्द्यातली वस्तू तीच नव्हती. मापाबद्दल मला काही बोलायचं नाही. चौतीस वर्षांत पहिल्यांदाच ते जास्त भरलं होतं. आता एकच अडचण आहे. मावशींनाही तीच थाळी हवी आहे आणि त्यांच्या इमारतीला मजले सहा आहेत. मी कळवलं आहे की सवडीने येईन. सध्या मला संध्याकाळी वेळ नसतो. त्या गुरुवारी, आजोबांना चक्कर यायच्या कितीतरी आधी, सातलाच मी रद्दीचा गठ्ठा कायमचा विकून टाकला होता आणि खुर्चीत जाऊन बसलो होतो.